बालाघाटातील वनौषधी आणि मधुमेह

परळीच्या वैद्यनाथाच्या आख्यायिकेत अमृत आणि धन्वंतरी यांचा संबंध सांगितला जातो, आणि 1948 पर्यंत निजामाच्या अंमलाखाली राहिलेल्या बीडच्या या बालाघाटी मुलखात वैद्य व हकीम या दोन्ही परंपरा शेजारी नांदल्या. चरकाने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकाराचे, 20 प्रकार वर्णिले, मूत्राकडे धावणाऱ्या मुंग्यांवरून प्राचीनांनी रोग ओळखला, आणि वाग्भटाने हळद व आवळा यांना प्रमेहावरील औषधांत श्रेष्ठत्व दिले. पहिल्या पावसानंतर बांधावर पसरणारी, तांबूस देठाची व जांभळट बारीक फुलांची पुनर्नवा, जिला आपल्याकडे घेटुळी म्हणतात, आणि पायताणात रुतणारा सराटा, म्हणजेच गोखरू, ही दोन्ही सुजेवर व मूत्रविकारांवर दिली जात.

1974 साली अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि ग्रामीण रुग्णास आधुनिक चिकित्सेचे द्वार समीप आले. ही चिकित्सा सांगते की मधुमेहाने मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या झिजून लघवीतून प्रथिन जाऊ लागते. पुनर्नवा व गोखरू यांसारख्या वनस्पतींच्या अर्कांनी ही हानी उंदरांत कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले असले, तरी मनुष्याविषयीचा पुरावा अद्याप तोकडाच आहे. शिवाय ईश्वरी या वनस्पतीतील ॲरिस्टोलोचिक आम्ल मूत्रपिंडाचाच घात करते. यास्तव परंपरेचा आदर बाळगून प्रत्येक मधुमेह्याने दरवर्षी लघवी व रक्त तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणताही काढा घेऊ नये.