क्वेइक

क्वेइक : पश्चिम नॉर्वेतील शेतघरांत बिअरच्या एका घाण्यातून काढून पुढच्या घाण्यासाठी राखले जाणारे पारंपरिक यीस्ट. वॉस, हार्डांगर, सुन्नमेर व होर्निनडाल हे त्याचे मुख्य प्रदेश. ज्याने पाव फुगतो आणि एल बिअर आंबते त्याच सॅकरोमायसीस सेरेव्हिसीए जातीचे ते आहे. मात्र एका क्वेइकमध्ये सहसा अनेक वाण एकत्र नांदतात. घरातल्या विरजणासारखे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. बिघडले, तर शेजाऱ्याकडून आणायचे.

या भागात बिअर रोज होत नसे. नाताळ, लग्न, अंत्यविधी अशा प्रसंगी, वर्षातून मोजक्या वेळा ती केली जाई. पश्चिम नॉर्वेच्या मध्ययुगीन गुलाटिंग कायद्याने तर शेतकऱ्यांना सणांसाठी एल करणे बंधनकारक केले होते. न करणाऱ्यास दंड होई. दोन घाण्यांत महिनोन्‌महिने जात आणि ओले यीस्ट एवढा काळ धड राहत नाही. त्यामुळे वाळवण्याची रीत रुजली. लाकडाच्या बारीक तुकड्यांची गुंफलेली कडी, भोके पाडलेला ओंडका किंवा लिननचे कापड यीस्टमध्ये बुडवून टांगून ठेवत. काही ठिकाणी बाटलीत भरून ते विहिरीत सोडत. आता बेकिंग पेपरवर पातळ पसरून वाळवतात आणि त्याच्या पापड्या फ्रीजरमध्ये ठेवतात.

कोणी वरचा फेस काढतो, कोणी तळाचा साका. तो त्या त्या घराचा रिवाज. पण या निवडीचा परिणाम फार खोल जातो. लवकर गोळा होऊन तळाशी बसणाऱ्या पेशी साखर पुरती न खाताच काम थांबवतात. दर वेळी फक्त त्याच उचलल्या, तर पुढच्या घाण्यांची बिअर गोडसर राहू लागते. अगदी शेवटी बसणाऱ्या पेशी राखल्या, तर बिअर गढूळ राहते. जे उचलले जाते तेच वाढते, हे यीस्ट राखणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. क्वेइकचे गुण याच निवडीतून घडलेले दिसतात. यीस्ट घालताना बिअरचे न आंबलेले द्रावण ३० ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे अंगाएवढे कोमट असते. या उष्णतेत बहुतेक एल यीस्टमुळे बिअरला उग्र, झोंबणारा वास येतो. क्वेइकची बिअर स्वच्छ चवीची, अनेकदा संत्र्यासारख्या गंधाची होते. वाळवणीत तगणाऱ्या पेशीच पुढच्या घाण्यात जात, त्यामुळे सुकणे सोसण्याची ताकदही वाढत गेली. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्वेइकचे वाण इतर बिअर-यीस्टपासून जनुकीयदृष्ट्या वेगळा गट ठरले. त्यांच्यात लवंगेसारखा वास निर्माण करण्याची रानटी यीस्टची क्षमता आढळली नाही. माणसाच्या हाताखाली दीर्घकाळ वाढल्याची ही ठळक खूण होय.

कारखान्यांची वाट वेगळी झाली ती १८८३ मध्ये. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. तेव्हापासून एकच वाण ठरावीक वेळा, अनेक ठिकाणी पाच ते दहा घाण्यांपर्यंत वापरायचा आणि मग प्रयोगशाळेतून ताजा आणायचा, ही शिस्त पडली. घरी बिअर करणारे पुष्कळ जणही हेच तत्त्व पाळतात. बिअर काढून घेतल्यावर उरलेला साका आधी उकळलेल्या, निर्जंतुक बरणीत भरतात. झाकण किंचित सैल ठेवतात, कारण आत वायू तयार होत राहतो. बरणी १ ते ४ अंशांवर ठेवून साका काही आठवड्यांत संपवणे उत्तम. साका पाण्याने धुण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण त्याची गरज नसते. वर राहिलेल्या बिअरचा आंबटपणा व अल्कोहोल जंतूंना अधिक दूर ठेवतात. १२ अंश प्लेटो (आंबण्यापूर्वीच्या द्रावणातील साखरेचे माप) घनतेच्या २० लिटर एलसाठी सुमारे १८ हजार कोटी जिवंत पेशी लागतात. ताज्या, घट्ट साक्याच्या साधारण २०० मिलिलिटरमध्ये तेवढ्या मिळतात. फार कडक बिअरचा साका मात्र पुन्हा वापरू नये. त्यातल्या पेशी थकलेल्या असतात. अनपेक्षित आंबूस वास आला तर साका सरळ फेकावा.

विकतचे यीस्ट सहज मिळू लागले तशी अनेक घरांतली क्वेइक नाहीशी झाली. अभ्यासक ऑड नोर्डलँड यांनी १९६९ च्या ग्रंथात नॉर्वेतील या परंपरेची नोंद केली होती. पुढे लेखक लार्श मारियुस गार्शोल यांनी गावोगावी फिरून शिल्लक क्वेइक शोधली, त्यांचे नमुने अभ्यासकांपर्यंत पोहोचवले आणि २०२० मध्ये ग्रंथही प्रसिद्ध केला. त्यामुळे जगभरच्या हौशी लोकांच्या हाती हे यीस्ट आले. बाजारातल्या ‘वॉस’ नावाच्या पुड्यांत मात्र सहसा त्यातला एकच वाण असतो. तो चांगला आहे, पण ते संपूर्ण क्वेइक नव्हे. परंपरा टिकवायची असेल, तर अनेक वाणांचे मूळ मिश्रण मिळवावे आणि ज्या घरातून ते आले त्या घराच्या रीतीनेच काढून पुढच्या घाण्यात घालावे.