स्पर्श आणि हाताची हालचाल : एका शास्त्रीय प्रश्नाचा इतिहास (१८११ ते २०२१)

प्रस्तावना

अंधारात कुलपाला किल्ली लावणे, सदऱ्याचे बटण घालणे, भरलेला पेला न सांडता उचलणे ही कामे माणूस सहजतेने करतो. मेंदू आज्ञा देतो व हात ती पाळतो, असे या कामांचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. परंतु आज्ञा पोहोचूनही हाताला स्पर्श कळत नसेल तर काय होते, हा प्रश्न गेली दोनशे वर्षे शरीरक्रियाशास्त्रज्ञांपुढे आहे. त्याची उत्तरे वेळोवेळी बदलली आणि प्रत्येक उत्तरागणिक रुग्णाच्या निकामी ठरविलेल्या हाताचे भवितव्यही बदलले. या प्रश्नाच्या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन वाटा आणि एक वर्तुळ

मज्जारज्जूतून निघणाऱ्या प्रत्येक मज्जातंतूला पुढचे व मागचे अशी दोन मुळे असतात. या मुळांची कार्ये भिन्न असावीत, हा विचार स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ चार्ल्स बेल यांनी १८११ मध्ये मित्रमंडळींसाठी छापलेल्या एका पुस्तिकेत मांडला. मागची मुळे संवेदना आत नेतात व पुढची मुळे हालचालीची प्रेरणा बाहेर नेतात, हे फ्रान्समध्ये फ्रांस्वा माजेंदी यांनी १८२२ मध्ये प्रयोगाने स्पष्ट दाखविले. या शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून दोघांच्या समर्थकांत दीर्घकाळ वाद झाला.

या वादाच्या गदारोळात बेल यांचा दुसरा विचार काहीसा मागे पडला. १८२६ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, मेंदू व स्नायू यांच्यामध्ये मज्जातंतूंचे एक वर्तुळ असते. एका वाटेने आज्ञा जाते व दुसऱ्या वाटेने स्नायूच्या स्थितीची वार्ता परत येते. बेल यांच्या लेखनात एका स्तनदा मातेची हकीकत आहे. तिच्या शरीराच्या एका बाजूची शक्ती गेली होती, तर दुसऱ्या बाजूची संवेदना गेली होती. शक्ती असलेल्या परंतु संवेदना नसलेल्या हाताने ती बाळाला छातीशी धरू शकत असे, पण त्याच्याकडे पाहत असेपर्यंतच. लक्ष दुसरीकडे गेले की हाताची पकड हळूहळू सैल होई आणि बाळ पडण्याची भीती निर्माण होई. या स्त्रीच्या हातात बळ होते व मेंदूची आज्ञाही पोहोचत होती. उणीव होती ती परत येणाऱ्या वार्तेची, आणि ती उणीव डोळे भरून काढत होते.

१८९५ चा प्रयोग व त्याचा प्रभाव

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक मॉट व चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९५ मध्ये या प्रश्नाला प्रयोगाची जोड दिली. माकडाच्या एका हाताकडून येणारी सर्व संवेदी मुळे त्यांनी कापली. प्रेरक मुळे शाबूत असूनही माकड तो हात अन्न पकडण्यासाठी वापरेना. मात्र मेंदूच्या बाह्यकाला विद्युत उत्तेजन दिले असता तोच हात हलत असे. याचा अर्थ यंत्रणा सुस्थितीत होती, परंतु माकडाकडून तिचा उपयोग होत नव्हता. तळहाताकडून येणारे एखादे मूळ राखले, तर हानी पुष्कळ कमी होई. यावरून, विशेषतः त्वचेकडून येणाऱ्या संवेदनेशिवाय हाताची ऐच्छिक हालचाल संभवत नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. शेरिंग्टन यांना पुढे १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या अधिकारी व्यक्तीचा हा निष्कर्ष अनेक दशके प्रमाण मानला गेला. निरोगी हात बांधून ठेवल्यास माकड संवेदनाहीन हात वापरते, असे जर्मनीत हर्मन मंक यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच नोंदविले होते, परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

निष्कर्षाची फेरतपासणी

अमेरिकेत एडवर्ड टॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हा प्रयोग नव्याने केला. निरोगी हात अडकवून ठेवला, किंवा दोन्ही हातांची संवेदी मुळे कापली, तर माकड संवेदनाहीन हात वापरू लागते, असे त्यांना आढळले. टॉब यांनी याचे स्पष्टीकरण असे दिले : शस्त्रक्रियेनंतरच्या काळात हात वापरण्याचे प्रयत्न फसतात, निरोगी हाताने काम भागते, आणि तो हात न वापरण्याची सवय प्राण्याला जडते. म्हणजेच १८९५ च्या प्रयोगात जे असामर्थ्य समजले गेले, त्याचा बराच भाग शिकलेला होता. जे शिकले गेले ते पुसताही येईल, ही आशा येथून निर्माण झाली. पक्षाघाताच्या रुग्णांचा चांगला हात दिवसाचा बराच वेळ मोज्यात अडकवून दुर्बल हाताकडून सराव करून घेण्याची उपचारपद्धती या विचारातून आकारास आली. अमेरिकेत २२२ रुग्णांवर केलेली तिची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांपेक्षा या पद्धतीने रुग्णांच्या हाताच्या वापरात अधिक सुधारणा झाल्याचे तीत दिसून आले.

या ज्ञानाची किंमतही नोंदविणे आवश्यक आहे. १९८१ मध्ये मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील टॉब यांच्या प्रयोगशाळेतून पोलिसांनी माकडे ताब्यात घेतली. खटला चालला आणि टॉब यांची दोषसिद्धी पुढे अपिलात रद्द झाली. तथापि या प्रकरणातून उठलेल्या वादाचा परिणाम १९८५ मध्ये अमेरिकेतील प्राणिकल्याण कायद्याच्या दुरुस्तीवर झाला.

संवेदना गेलेला माणूस

हालचाल संवेदनेशिवाय सुरू होते, एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. जॉन रॉथवेल व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारामुळे त्याच्या हातांची संवेदना जवळजवळ नाहीशी झाली होती, पण स्नायूंची शक्ती टिकून होती. डोळे मिटूनही तो बोटे एकामागून एक हलवू शके, हवेत आकृत्या काढू शके. परंतु लेखणी धरून लिहिणे, बटण लावणे किंवा पेला धरून ठेवणे त्याला जमत नसे. तो आपली जुनी मोटार चालवीत असे, मात्र नवी मोटार घेतल्यावर ती चालविण्यास शिकणे त्याला जमले नाही व त्याला जुन्या मोटारीकडेच वळावे लागले. पूर्वी शिकलेली हालचाल संवेदनेवाचून काही काळ चालते, मात्र ती टिकविणे, सुधारणे व नवी शिकणे यांसाठी संवेदना लागते, हा भेद या एका रुग्णामुळे स्पष्ट झाला.

भारतातील कुष्ठरुग्णांच्या बाबतीत या भेदाचा अर्थ अधिक कठोर होता. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ साली आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी कंडरांची जागा बदलून वाकड्या बोटांना पुन्हा हालचाल मिळवून दिली. त्याचबरोबर कुष्ठरुग्णांची बोटे झडतात ती रोगाने मांस कुजल्यामुळे, ही समजूत त्यांनी खोडून काढली. वेदना व स्पर्श न कळल्याने हात भाजतो, कापतो, गरजेपेक्षा अधिक जोर लावतो आणि जखमा चिघळतात, हे त्यांनी दाखविले. त्यामुळे शस्त्रक्रियेने परत मिळालेली हालचालही डोळ्यांच्या पहाऱ्याशिवाय सुरक्षित राहत नव्हती.

पकडीचे मोजमाप

स्वीडनमधील संशोधनाने या साऱ्याचे अंतरंग उघड केले. जागृत माणसाच्या मज्जातंतूत सूक्ष्म सुई घालून एकेका तंतूचे संदेश टिपण्याची पद्धत उप्साला येथे १९६० च्या दशकात विकसित झाली. तिच्या आधारे एका तळहाताच्या व बोटांच्या त्वचेत सुमारे १७,००० स्पर्शग्राही तंतू असल्याचा अंदाज १९७९ मध्ये मांडण्यात आला. उमेओ येथे रोलंड योहान्सन व गोरान वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये बोटांच्या चिमटीत वस्तू उचलताना लागणारा जोर मोजला. रेशीम, मऊ चामडे व खरकागद अशा वेगवेगळ्या पृष्ठभागांनुसार माणूस पकड आपोआप बदलतो. वस्तू किंचित घसरताच सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात, घसरण जाणवण्याची वाट न पाहता, पकड घट्ट होते. बोटे औषधाने बधिर केली असता ही जुळणी बिघडते. शिवाय मागील वेळच्या पकडीची स्मृती पुढील वेळी उपयोगी पडते. मेंदू प्रथम अंदाज बांधतो आणि स्पर्श तो अंदाज तपासतो.

निष्कर्ष

मॉट व शेरिंग्टन यांचे निरीक्षण खरे होते, पण हालचाल सुरू करणे, टिकविणे व शिकणे या तीन गोष्टी त्यांच्या प्रश्नात एकत्र गुंतल्या होत्या. त्या वेगळ्या होण्यास जवळजवळ एक शतक लागले. २०२१ मध्ये पिट्सबर्ग येथील संशोधकांनी हातपाय लुळे पडलेल्या एका व्यक्तीला मेंदूच्या संदेशांवर चालणारा यांत्रिक हात दिला. त्या हाताचा स्पर्श विद्युत उत्तेजनाद्वारे मेंदूच्या संवेदी भागात पोहोचविताच, वस्तू उचलून ठेवण्यास लागणारा मध्यम वेळ २०.९ सेकंदांवरून १०.२ सेकंदांवर आला. बेल यांनी कल्पिलेले वर्तुळ येथे यंत्राच्या साहाय्याने पूर्ण झाले. निकामी हाताकडे पाहताना केवळ तो हलतो की नाही एवढेच न विचारता, त्याची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचते की नाही, हेही विचारले पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.