फाउंडेशनचा पैसा गावापर्यंत कसा येतो? आधी संस्थेचं दप्तर तपासा

नाशिक : शाळेची खोली, पाझर तलावातला गाळ, पोरांसाठी अभ्यासिका. अशा कामांना गावात वर्गणी होते, पण पुरत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "एखादं फाउंडेशन गाठू." पैसा आहे, पण तो मागायची रीत ठरलेली आहे.

मोठा वाटा सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चावे लागतात. कंपनी स्वतः काम करते किंवा संस्थेमार्फत करून घेते.

कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. कारखाने सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरीकडे, सुरगाणा-पेठला काय? तर हे प्राधान्य सक्तीचं नाही, असा खुलासा केंद्रानेच २०२१ मध्ये केला आहे. म्हणजे दूरच्या तालुक्यानेही मागायला हरकत नाही. आदिवासी पट्ट्यात बाएफसारख्या संस्थांनी नाबार्डच्या निधीतून आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या, तिथे कारखाना कुठे होता?

खरी अडचण कागदाची. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी हवी, आयकराची १२-ए आणि ८०-जी मान्यता हवी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबरही घ्यावा लागतो.

आणि बहुतेक गाडी अडते ती 'चेंज रिपोर्ट'वर. विश्वस्त वारला, राजीनामा दिला किंवा नवा आला, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं. अध्यक्ष जाऊन दहा वर्षं झाली, तरी दप्तरी नाव त्यांचंच, अशी मंडळं गावोगाव सापडतील. त्यात दोन गट पडले की प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं. देणारा आधी विश्वस्तांची यादी आणि ऑडिट बघतो. तिथेच घोळ दिसला तर काम कितीही चांगलं असो, फाईल बाजूला पडते.

बचत गटाकडे किंवा नोंदणी नसलेल्या मंडळाकडे हे कागद नसतात. त्यांनी तालुक्यातल्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्यावं. पण पैसा परदेशी असेल तर तेही चालत नाही. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. लहान संस्थांना हा मोठाच फटका बसला.

व्हॉट्सॲपवर "अनुदान मंजूर, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा मेसेज आला, तर एक रुपयाही देऊ नका. अनुदान देणारी संस्था आधी फी मागत नाही. कोणत्या कंपनीने कशावर किती खर्च केला, हे केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर मोबाईलवरही फुकट दिसतं. शिक्षणावर खर्च करणाऱ्या कंपनीकडे बंधाऱ्याचा अर्ज नेण्याआधी ते पाहून घ्यावं.