फायबर आणि सिम दोन्ही असूनही नेट का बंद पडतं? राऊटरमधलं 'मेट्रिक' समजून घ्या

पावसाळ्यात लोणावळा, कामशेत किंवा पवनानगरच्या बाजूला घरून काम करणारे बरेच जण दुहेरी सोय करून ठेवतात. एक फायबर कनेक्शन आणि जोडीला सिमवर चालणारं ४जी किंवा ५जी राऊटर. फांदी पडून केबल तुटली तरी सिमवर काम भागावं, हा हेतू. पण कधी फायबर ठणठणीत असताना डेटा सिमवरून वाहतो आणि पॅक संपतो. कधी केबल तुटते, सिमला रेंज असते, तरी नेट चालत नाही. दोन्ही वेळा आधी तपासायचा तो राऊटरमधला एक छोटा आकडा, म्हणजे रूट मेट्रिक.

लोणावळ्याहून पुण्याला दोन रस्ते जातात, एक्स्प्रेस वे आणि जुना हायवे. गाडी चालवणारा टोल, ट्रॅफिक, वेळ यांचा विचार करतो. राऊटर एवढा विचार करत नाही. त्याच्या यादीत प्रत्येक वाटेपुढे एक आकडा असतो आणि ज्या वाटेचा आकडा लहान, ती वाट तो निवडतो. फायबरला १० आणि सिमला २० दिलं, तर सगळं फायबरवरून जातं. मोठा आकडा म्हणजे जास्त प्राधान्य, असं समजून अनेक जण इथेच फसतात.

ही तुलना एकाच ठिकाणी जाणाऱ्या दोन वाटांमध्येच होते. एखाद्या ठिकाणासाठी यादीत खास वेगळी वाट असेल, तर मेट्रिक कितीही असो, तीच वापरली जाते. ऑफिसचं व्हीपीएन बहुतेक वेळा याच नियमावर चालतं.

आकडा हाताने दिला नाही, तर यंत्रणा स्वतः ठरवते. विंडोज कनेक्शनच्या वेगावरून ठरवतं. लिनक्सवरचा नेटवर्कमॅनेजर केबलला १००, वायफायला ६०० आणि मोबाइल डेटाला ७०० देतो, म्हणून लॅपटॉपला केबल लावली की वायफाय आपोआप मागे पडतं.

बदलायचं कुठे? ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राऊटरवर इंटरफेसच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'गेटवे मेट्रिक' असतं. मायक्रोटिकवर त्याच कामासाठी 'डिस्टन्स' हा शब्द आहे, नियम तोच. कंपनीने दिलेल्या साध्या डब्यांमध्ये ही सोय अनेकदा दिसतच नाही. आणखी एक गोम आहे. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ च्या वाटा वेगळ्या असतात. एकीचाच आकडा बदलला, तर दुसरीचा डेटा गुपचूप सिमवरून जात राहू शकतो.

आता खरी अडचण. मेट्रिक ठरवलं म्हणजे बॅकअप तयार झाला, असं नाही. राऊटर एखादी वाट यादीतून काढतो ती त्याला ती बंद दिसली तरच. केबल खंडाळ्याजवळ तुटली, पण घरातला फायबरचा डबा चालू आहे आणि त्याला जोडलेली लॅन केबलही जागेवर आहे. राऊटरच्या दृष्टीने वाट सुरूच! तो १० आकड्याच्या त्याच वाटेवर माहिती पाठवत राहतो आणि ती पुढे जाऊन हरवते. युजरनेम-पासवर्डचं पीपीपीओई लॉगिन राऊटरमध्येच असेल, तर थोड्या वेळात सेशन तुटतं आणि वाट निघून जाते. ते लॉगिन फायबरच्या डब्यात असेल, तर राऊटरला काहीच कळत नाही.

त्यासाठी वेगळी तपासणी लागते. ओपनडब्ल्यूआरटीवरचं एमवॅन३ हे पॅकेज ठरावीक सेकंदांनी बाहेरच्या पत्त्यांना पिंग करतं. उत्तर आलं नाही की वाहतूक दुसऱ्या कनेक्शनवर वळवतं. मायक्रोटिकमध्येही गेटवे तपासण्याची सोय आहे, पण ती नुसती चालू केली तर बहुधा घरातलाच डबा तपासला जातो, आणि तो तर चालूच असतो. कनेक्शन बदललं की बाहेरचा आयपी पत्ता बदलतो, त्यामुळे सुरू असलेला व्हिडिओ कॉल एकदा तुटू शकतो.

बॅकअप चालतो का, हे बघायला बहुतेक जण लॅन केबल उपसून बघतात. ती चाचणी फसवी आहे, कारण केबल निघाल्याचं राऊटरला लगेच समजतं. डबा चालू ठेवून त्याच्या मागची बारीक फायबर वायर हलक्या हाताने काढावी. टोकात डोकावू नये, टोकाला धूळ लागू देऊ नये आणि वायर दुमडू नये. मिनिटभरात नेट सिमवरून सुरू झालं, तर जुलैमध्येही होईल.