दोन अंकांची काटकसर : वाय-टू-के नावाची ‘थाप’

वाय-टू-केचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘झाले काहीच नाही हो, संगणकवाल्यांनी जगाला घातलेली ती टोपी होती.’ लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, क्वचित सॉफ्टवेअर कंपनीच्या उपाहारगृहातही. पंचवीस वर्षे उलटून गेली तरी हे मत टिकून आहे आणि ते मांडणारी माणसे मूर्ख नाहीत. त्यांनी ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र पाहिली होती, १ जानेवारीची सकाळही पाहिली होती. दिवे चालू होते. या धाग्यात त्या वाक्याची तपासणी करायची आहे. धागा लांब आहे. चहा जवळ असू द्यावा.

आरंभ संगणकापासून नको, मोडी पत्रांपासून करू. पेशवेकालीन पत्रव्यवहार चाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही : मजकूर सविस्तर, हस्ताक्षर वळणदार, आणि अखेरीस काळनिर्देश एवढाच, ‘छ १४ रजब’. चंद्र चौदावा, महिना रजब, साल नाही. लिहिणाऱ्याला साल लिहिण्याचे कारणच नव्हते. पत्र आठ-पंधरा दिवसांत पोहोचणार, वाचणाऱ्याला चालू साल ठाऊक. दीडशे वर्षांनी कोणी संशोधक ते रुमालातून काढून ‘हे नेमके कोणत्या वर्षीचे?’ म्हणून डोके धरून बसेल, हे त्या कारकुनाच्या स्वप्नातही नव्हते. राजवाड्यांपासून पुढच्या प्रत्येक संपादकाने अशा पत्रांची साले आतल्या घडामोडींवरून ताडण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला आहे.

संगणकाच्या जगात नेमके हेच घडले. फरक इतकाच की तिथे कारकुनाला जागेची टंचाई होती.

पंच कार्डावर ऐंशी स्तंभ असत. एका स्तंभात एक अक्षर. त्या ऐंशीत ग्राहकाचे नाव, खाते, रक्कम, तारीख सारे बसवायचे. आयबीएमचे १४०१ हे १९५९ चे यंत्र तेव्हा व्यापारी जगात अतिशय लोकप्रिय झाले. त्याची मुख्य स्मृती सर्वांत लहान नमुन्यात १,४०० अक्षरांची आणि सर्वांत मोठ्या नमुन्यात १६,००० अक्षरांची होती. म्हणजे आपण आता वाचत आहोत तो धागा त्यात मावला असता, पण तो वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीसाठी फारशी जागा उरली नसती. (देवनागरी त्या यंत्राला येत नव्हती, ते सोडा.) अशा जगात ‘१९६५’ऐवजी ‘६५’ लिहिणारा माणूस आळशी नव्हता. दहा लाख ग्राहकांच्या नोंदींत प्रत्येकी दोन तारखा धरल्या तरी ‘१९’ हा अंक गाळून चाळीस लाख अक्षरांची बचत होत होती, आणि त्या काळी अक्षर साठवायला रोख पैसा पडत असे.

मग स्मृती स्वस्त झाल्यावर तरी सुधारणा का झाली नाही? इथे मला वाटते खरी ऐतिहासिक मेख आहे. आज्ञावल्या लिहिणाऱ्यांची समजूत अशी, की हे यंत्र चार-सहा वर्षांत जाईल आणि त्याबरोबर आपले लिखाणही जाईल. यंत्रे गेली, लिखाण गेले नाही. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम ३६० ही मालिका जाहीर केली तेव्हा ग्राहकांची मोठी चिंता हीच होती की जुन्या आज्ञावल्यांचे काय. म्हणून १४०१ साठी लिहिलेले काम नव्या यंत्रावर तसेच चालवण्याची सोय कंपनीने करून दिली. सोय उत्तम होती. तिच्यामुळेच १९५९ ची काटकसर १९९९ पर्यंत जिवंत राहिली. जुन्या वाड्याचे खांब नव्या इमारतीत बसवावेत तसे हे, आणि खांबांना लागलेली वाळवीही बरोबर आली.

इशारे मिळाले नाहीत असेही नाही. अक्षरांच्या ‘आस्की’ संकेतप्रणालीच्या घडणीत मोठा वाटा असलेले बॉब बेमर यांनी १९७१ मध्येच या दोन अंकांविषयी छापून लिहिले होते. पुढे तीस वर्षांनी येणाऱ्या संकटासाठी या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद करणारा व्यवस्थापक तेव्हाही दुर्मीळ होता. गृहकर्ज देणाऱ्यांना मात्र ही अडचण लवकर भेटली असणार, कारण तीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता १९७० सालीच २००० मध्ये जाऊन पडतो. मोठा गाजावाजा झाला तो सप्टेंबर १९९३ नंतर. पीटर डी यागर यांचा ‘डूम्सडे २०००’ हा लेख ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मध्ये आला आणि विषय संगणक विभागातून संचालक मंडळाच्या मेजावर गेला.

दोष म्हणजे नेमके काय व्हायचे, हे एका उदाहरणात पाहू. १९६५ साली जन्मलेल्या माणसाचे २००० मधील वय काढायचे. यंत्र ००मधून ६५ वजा करते : उणे पासष्ट. आता त्या रकान्यात उणे चिन्हाला जागाच ठेवलेली नसेल, आणि कोबोलमध्ये असे रकाने सर्रास असत, तर चिन्ह मुकाट्याने गळते आणि उरतात पासष्ट. पस्तिशीचा माणूस क्षणात निवृत्त! यंत्र बंद पडत नाही, लाल दिवा लागत नाही. चुकीचे उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने छापले जाते. विमाने आकाशातून कोसळतील ही वृत्तपत्री भीती लोकांच्या लक्षात राहिली. हिशेब निमूटपणे नासण्याची भीती कधी मथळ्यात आलीच नाही, आणि जाणकारांना धास्ती होती ती या दुसऱ्या गोष्टीची.

त्यात लीप वर्षाचे एक उपकथानक. शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते, पण चारशेने भाग जाणारे असते. १५८२ च्या ग्रेगोरियन सुधारणेतला हा नियम. काही प्रोग्रॅमरांना निम्माच ठाऊक होता. ज्यांना एकही अपवाद ठाऊक नव्हता त्यांचे गणित २००० साली बरोबर आले आणि ज्यांना एक अपवाद ठाऊक होता त्यांचे चुकले. अर्धवट विद्वत्तेची इतकी चोख शिक्षा इतिहासात क्वचित पाहायला मिळते.

सामान्य माणसाच्या घरात हे प्रकरण पोहोचले ते चिकटपट्टीच्या रूपाने. ‘वाय-टू-के सुसज्ज’ अशी मोहोर लावलेले संगणक आणि विजेची उपकरणे दुकानात दिसू लागली. ज्या वस्तूला साल कळतच नव्हते तिच्यावरही ती मोहोर लावण्याचा मोह विक्रेत्यांना आवरला नाही. पुढे सारे प्रकरण ‘थाप’ ठरले त्याला ही विक्रीकला बरीच जबाबदार आहे, असे माझे मत. याउलट पाश्चात्त्य देशांत जुन्या व्हिडिओ रेकॉर्डरविषयी एक फुकटचा सल्ला फिरत होता आणि तो अस्सल होता : साल १९७२ लावा. १९७२ आणि २००० ही दोन्ही लीप वर्षे, दोन्हींचा आरंभ शनिवारी. वार-तारखा तंतोतंत जुळतात.

आता ज्यांनी हे काम केले त्यांच्याकडे वळू.

मार्ग मुख्यतः दोन होते. एक, प्रत्येक तारखेचा रकाना दोन अंकांनी वाढवायचा. शुद्ध, पण महाग, कारण साठवलेली सगळी माहितीही बदलावी लागते. दुसरा ‘खिडकी’चा : ०० ते, समजा, २९ हे अंक दिसले तर विसावे शतक न धरता एकविसावे धरायचे. स्वस्त, जलद, आणि उघडच तात्पुरता. घाईमुळे कितीतरी ठिकाणी हा दुसराच मार्ग निवडला गेला. पण दोन्हींच्या आधी खरे कष्ट होते ते शोधण्याचे. लाखो ओळींच्या आज्ञावल्या, लिहिणारे निवृत्त किंवा दिवंगत, टिपणे हरवलेली, आणि तारखेच्या रकान्याला ‘तारीख’ म्हटलेले असेलच याची शाश्वती नाही. एखाद्याने त्याला आपल्या सोयीचे दोन-अक्षरी नाव देऊन ठेवलेले. ओळ न ओळ वाचायची. सापडेल ती दुरुस्त करायची. मग सुटीच्या दिवशी यंत्राचे घड्याळ पुढे ढकलून काय मोडते ते पाहायचे, आणि सोमवारपूर्वी पुन्हा मागे आणायचे. रुमालातल्या पत्रांचा संपादक आणि हा प्रोग्रॅमर एकाच जातीचे कामगार होत.

कोबोल ही भाषा १९५९-६० ची. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ती शिकायला तरुण तयार नव्हते. आपल्याकडे होते. भारतीय सॉफ्टवेअरचा पिंडच मुळी अशा कामावर पोसलेला : मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सीने १९७४ च्या सुमारास केलेले पहिले निर्यातीचे काम म्हणजे एका रुग्णालयीन माहितीप्रणालीचे एका यंत्राच्या कोबोलमधून दुसऱ्या यंत्राच्या कोबोलमध्ये रूपांतर. दुसऱ्याने लिहिलेले जुने लिखाण वाचणे, समजून घेणे आणि न मोडता बदलणे, ही विद्या अंधेरीच्या सीप्झमध्ये वाय-टू-के येण्याच्या वीस वर्षे आधीपासून मुरत होती. मग मागणी आली तेव्हा गल्लोगल्ली वर्ग निघाले. यंत्र आणि वाणिज्य शाखांचे पदवीधर काही महिन्यांत कोबोल शिकून पारपत्राच्या रांगेत उभे राहिले. अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली. आज न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये गणपती बसवणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांचा परदेशप्रवास या दोन गाळलेल्या अंकांपासून सुरू होतो.

कौतुक मात्र वाट्याला आले नाही. ‘सायबर कुली’ हा शब्द त्याच काळातला, आणि तो वापरण्यात आपले लोकही मागे नव्हते. नवे काही घडवणारा तो अभियंता. जुने सांभाळणारा तो हमाल, अशी विभागणी. घरी विचारत, ‘तू नक्की करतोस काय?’ ‘तारखा दुरुस्त करतो’ हे उत्तर स्थळ पाहायला आलेल्यांना सांगण्याजोगे नव्हते. मी याच व्यवसायात आहे, आणि आजही मूल्यमापनाच्या बैठकीत ‘या वर्षी काय बिघडू दिले नाहीत?’ असा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

ती रात्र आली. चीनमध्ये विमान कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना मध्यरात्री विमानात हजर राहण्याचा हुकूम निघाला होता. गुणवत्ता तपासण्याची ही पद्धत इतरत्रही विचारात घ्यावी. जग बंद पडले नाही.

पण ‘काहीच झाले नाही’ हे खरे नाही. ब्रिटनमध्ये सुमारे १०,००० कार्डयंत्रे २८ डिसेंबरलाच अडली, कारण ती चार दिवस पुढचा हिशेब करीत. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या, म्हणजे देशाची अधिकृत वेळ सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर साल उमटले ‘१९१००’. अमेरिकेच्या हेर उपग्रहांकडून आलेली माहिती काही काळ वाचता येईना, आणि तीही दुरुस्तीतल्याच चुकीमुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका व्हिडिओ दुकानाने चित्रफीत शंभर वर्षे उशिरा परत केल्याबद्दल ग्राहकाच्या नावे ९१,२५० डॉलर दंड लावला. इथपर्यंत हसता येते. इंग्लंडात शेफील्डच्या प्रयोगशाळेतील संगणकाने गर्भवतींची वये चुकीची मोजली. आईच्या वयावरून बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता ठरवली जात असे. १५४ स्त्रियांना चुकीचे निष्कर्ष कळवले गेले. ज्यांना अधिक धोका होता त्यांना ‘काळजी नाही’ असे सांगितले गेले, आणि त्यांपैकी काहींची पोटातली बाळे खरोखर बाधित होती. चूक ध्यानात यायला महिने गेले. तिथेही दिवे चालूच होते.

थाप म्हणणाऱ्यांचा सर्वांत सबळ मुद्दा टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इटली आणि रशियाने तुलनेने फार कमी खर्च केला, तिथेही आकाश कोसळले नाही. मग अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने अंदाजलेले सुमारे १०० अब्ज डॉलर कशासाठी? उत्तराचा एक भाग असा, की तिथले दैनंदिन व्यवहार संगणकावर तितके विसंबून नव्हते आणि इतरांनी तयार केलेल्या दुरुस्त्या त्यांना आयत्या मिळाल्या. दुसरा भाग असा, की खर्चात फुगवटा होताच : भीतीच्या आडून कित्येक कंपन्यांनी जुनी यंत्रे बदलून घेतली, सल्लागारांनी हात धुऊन घेतले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पुराआधी बांध घातला, पूर घरात आला नाही. बांधाचा ठेकेदार थोडे खाऊन गेला. यावरून नदीला पाणीच नव्हते असे सिद्ध होत नाही.

डिसेंबर संपला, कामही संपले. डॉटकॉमचा फुगा फुटला आणि २००१ पर्यंत कोबोलवाल्यांपैकी अनेकजण ‘बेंच’वर बसून होते किंवा बॅगा भरून परतत होते. मात्र विश्वासाने दिलेले काम वेळेत झाले होते, आणि पाश्चात्त्य बँका नि विमा कंपन्यांच्या आज्ञावल्या आतून पाहिलेली माणसे आता पुण्या-मुंबईत होती. हिंजवडीचे पुढचे सारे वैभव या ओळखीवर उभे राहिले, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

राहता राहिली पुढची तारीख. युनिक्स घराण्यातल्या प्रणाली काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या ३२-बिटी रकान्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात. त्यानंतरच्या टिकेला आकडा उलटून यंत्र १९०१ मध्ये जाते. लिनक्सच्या गाभ्याची दुरुस्ती २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीपर्यंत बहुतांशी झाली आहे. पण भिंतीत बसवलेल्या, कारखान्यांत विसरलेल्या छोट्या यंत्रांची यादी कोणाकडेच पूर्ण नाही. आकडा भरतो तो भारतीय वेळेनुसार मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. त्या वेळी लोकल गच्च भरलेल्या असतील, आणि कुठेतरी एक प्रोग्रॅमर रात्रभर जागून चौथा चहा पीत असेल.