खांबांची मोजदाद

कोणत्याही मोठ्या सार्वजनिक बांधकामाचा इतिहास सांगतांना बहुधा दोनच तारखा सांगितल्या जातात. एक कोनशिला बसविल्याची आणि दुसरी उद्घाटनाची. या दोन तारखांच्या मध्यें जो काळ जातो त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक पाहतां खरें काम त्याच काळांत होतें, चुका त्याच काळांत होतात आणि माणसेंही त्याच काळांत मरतात. मुंबईच्या पहिल्या मेट्रो मार्गाच्या बाबतींत हा मधला काळ चांगला आठ वर्षांचा होता. त्या आठ वर्षांचा वृत्तांत लिहून ठेवण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें. कारण आज मुंबईंत आणि महाराष्ट्रांतील इतर शहरांत असेच उन्नत मार्ग बांधले जात आहेत, आणि त्यांची प्रगति मोजण्याची आपली रीत अद्याप जुनीच आहे.

प्रथम मुख्य गोष्टी नमूद करूं. वर्सोव्यापासून अंधेरीवरून घाटकोपरपर्यंत जाणाऱ्या या मार्गाची लांबी ११·४ किलोमीटर असून त्यावर बारा स्थानकें आहेत. संपूर्ण मार्ग खांबांवर उचललेला आहे. २१ जून २००६ रोजीं त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्तें कोनशिला बसली; प्रत्यक्ष बांधकामास फेब्रुवारी २००८ मध्यें हात लागला; आणि ८ जून २०१४ रोजीं, रविवारीं, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनीं मार्ग लोकांस खुला केला. म्हणजे कोनशिलेपासून पहिली कुदळ पडेपर्यंतच दीड वर्षाहून अधिक काळ लोटला, आणि त्यानंतर बांधकामास सहा वर्षांहून अधिक काळ लागला.

या आंकड्यांशेजारीं जुने आंकडे ठेवले तर वाचकांस नवल वाटेल. बोरीबंदर ते ठाणें या आपल्या पहिल्या लोहमार्गाची पहिली कुदळ ३१ ऑक्टोबर १८५० रोजीं पडली आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं त्यावरून गाडी धांवली. एकवीस मैलांचें काम अडीच वर्षांत झालें. तेंही वाफेच्या यंत्रांची नवलाई असतांना आणि रूळ विलायतेहून गलबतांतून येत असतांना! मग सात मैलांच्या मार्गास सहा वर्षें कां लागावीं, हा प्रश्न २०१० नंतर मुंबईंत घरोघरीं विचारला जात होता. प्रश्न रास्त होता. परंतु त्याचें उत्तर एकवीस मैलांच्या त्या सपाटीवर मिळणार नाहीं. त्यासाठीं त्याच कंपनीच्या पुढच्या कामाकडे पाहिलें पाहिजे. १८५६ मध्यें भोर घाट चढण्याचें काम सुरू झालें आणि तें १८६३ मध्यें संपलें. घाट सुमारें पंधरा मैलांचा, आणि त्यास सात वर्षें! बोगदे, कमानी, पटकीची सांथ आणि हजारों मजुरांचे मृत्यु यांनीं तीं वर्षें भरलेलीं आहेत. सपाटीवरच्या मैलावरून घाटांतल्या मैलाचा अंदाज बांधतां येत नाहीं. आमच्या मतें प्रत्येक मार्गास त्याचा एक घाट असतो, आणि प्रगतीचा खरा हिशेब तो घाट ओलांडल्यावरच लागतो.

वर्सोवा-घाटकोपर मार्गाचा घाट डोंगरांत नव्हता, शहरांत होता. मुंबईचे जुने लोहमार्ग दक्षिणोत्तर धांवतात. पश्चिम रेल्वेच्या कांठची वस्ती आणि मध्य रेल्वेच्या कांठची वस्ती यांना जोडणारी पूर्व-पश्चिम आगगाडी उपनगरांत नव्हती. अंधेरीहून घाटकोपरास जाणाऱ्यानें एक तर दादरपर्यंत खालीं उतरून पुन्हा वर चढावें, नाहीं तर अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या वाहनांच्या गर्दींत तास दीड तास काढावा. हीच गर्दी या मार्गाचें कारण होती आणि हीच त्याची अडचणही झाली. ज्या रस्त्यावर पाय ठेवावयास जागा नाहीं, त्याच रस्त्याच्या मधोमध खांब उभे करावयाचे होते; आणि खांब उभे होईतों रस्ता एक दिवसही बंद ठेवतां येणार नव्हता.

अशा मार्गाचें बांधकाम कसें चालतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. रस्त्याच्या मध्यभागीं पत्र्याचें कुंपण घालून जमिनींत खोल पाया घेतला जातो. त्यावर खांब, खांबावर त्याचें डोकें, आणि दोन खांबांच्या दरम्यान सिमेंट-काँक्रीटचा पूल बसतो. त्यासाठीं लागणारे तुकडे बहुधा दुसरीकडे ओतून आणतात व प्रचंड लोखंडी यारीनें वर उचलून एकमेकांस जोडतात. पुलावर रूळ, विजेच्या तारा, संकेतदीप आणि शेवटीं गाडी. येणाऱ्याजाणाऱ्यास यांतले खांब तेवढे ठळकपणें दिसतात. म्हणून लोकांनीं प्रगति मोजावयाची ती खांबांनीं मोजली. बसच्या खिडकींतून खांबांची गणती करणें हा त्या काळीं अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या प्रवाशांचा नित्याचा उद्योग होऊन बसला. वर्तमानपत्रेंही इतके खांब झाले, इतके राहिले, शेंकडा इतकें काम पुरें झालें असेंच छापीत. खांब भराभर उठत. त्यामुळें मार्ग आतां झालाच अशी समजूत होई. आणि मग महिनेच्या महिने कांहींच हलतांना दिसत नसे. लोक चिडत आणि नवी मुदत जाहीर होई.

या मापांतच दोष होता. खांबाखालचें काम डोळ्यांस दिसत नाहीं. मुंबईच्या रस्त्यांखालीं पाण्याचे नळ, सांडपाण्याचीं गटारें, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा आणि गॅसच्या नळ्या पिढ्यान्‌पिढ्या घातल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं पुष्कळांची नेमकी जागा कोणत्याही नकाशावर नाहीं. पाया खणतांना असा एखादा नळ लागला कीं तो आधीं दुसरीकडे वळवावा लागतो, आणि तोंवर खांब थांबतो. दुकानें व घरें हलवून रस्ता रुंद करावा लागला, त्याचाही काळ खांबांच्या गणतींत कोठें येत नाहीं. त्याशिवाय सर्व खांब सारख्या मोलाचे नसतात. मोकळ्या रस्त्यावरचे शंभर खांब आणि अंधेरीचे चार खांब यांची बेरीज करून शेंकडेवारी काढली तर अंकगणित बरोबर येईल, पण अनुमान चुकेल.

अंधेरीस या मार्गाचा खरा घाट होता. तेथें पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून मेट्रोस पलीकडे जावयाचें होतें. त्या रुळांवरून पहांटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत लोकल गाड्यांची रीघ असते. वर लोखंडी पूल बसवावयाचा तर रेल्वेच्या परवानगीनें मिळणाऱ्या रात्रीच्या मोजक्या तासांतच बसवावा लागे. पहांट झाली कीं हत्यारें खालीं! पुलाच्या आराखड्यास रेल्वेची संमति मिळविणें हेंही एक स्वतंत्र काम होतें. तेथून कांहींसें पूर्वेस दुसरी अडचण. पश्चिम द्रुतगति महामार्गावर आधींच उड्डाणपूल होता. त्याच्याही वरून मेट्रो न्यावयाची होती. खालच्या वाहतुकींत मध्यें खांब रोवणें शक्य नसल्यानें तेथें उंच मनोऱ्यांपासून तिरप्या ताणलेल्या तारांवर पूल तोलून धरावा लागला. या दोन ठिकाणांची लांबी साऱ्या मार्गाचा लहानसा अंश होती. परंतु तीं ठिकाणें पुरीं झाल्यावांचून दोन्हीकडच्या तयार खांबांचा कांहीं उपयोग नव्हता. मध्यें एक कडी नसेल तर सांखळी कितीही लांब असून तिचें काय करावयाचें?

या काळांतील एक दिवस विसरतां कामा नये. सप्टेंबर २०१२ मध्यें बांधकाम चालू असलेल्या पुलाचा एक भाग अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या बाजूस कोसळून एक कामगार मृत्यु पावला व कित्येक जखमी झाले. तीन वर्षांपूर्वीं, जुलै २००९ मध्यें, दिल्लीच्या मेट्रोच्या कामावर जमरूदपुर येथें असाच पूल कोसळून सहा माणसें मेलीं होतीं. तेव्हां त्या कामाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनीं जबाबदारी स्वतःकडे घेऊन राजीनामा दिला, व तो स्वीकारला न गेल्यानें पुढें मागें घेतला. मुदतीच्या मागें लागलेल्या लोकांनीं हे दोन दिवस ध्यानांत ठेवावे. काम लवकर व्हावें ही इच्छा योग्यच आहे. परंतु घाईची किंमत जो देतो तो बहुधा परगांवाहून आलेला मजूर असतो, आणि उद्घाटनाच्या दगडावर त्याचें नांव कोरलें जात नाहीं.

खर्चाचा हिशेबही प्रगतीच्या हिशेबापासून वेगळा काढतां येत नाहीं. हा मार्ग सरकारनें एकट्यानें बांधला नाहीं. त्यासाठीं जी कंपनी स्थापन झाली तींत रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा शेंकडा ६९, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा शेंकडा २६ व एका फ्रेंच कंपनीचा शेंकडा ५ वांटा होता. आरंभीं खर्चाचा अंदाज २,३५६ कोटि रुपये होता. काम संपतां संपतां तो ४,३२१ कोटींवर गेल्याचें कंपनीनें सांगितलें, आणि प्राधिकरणास तो आंकडा मान्य झाला नाहीं. करारांत ९ ते १३ रुपये भाडें धरलेलें होतें. कंपनीस तें परवडेना. वाद उच्च न्यायालयांत गेला. उशीर कोणामुळें झाला यावर वाढीव खर्च कोणी सोसावा हें अवलंबून असतें, आणि अखेरीस तो प्रश्न तिकिटाच्या खिडकीशीं येऊन उभा राहतो. म्हणून बांधकामाची खरी दैनंदिनी लोकांपुढें असणें ही केवळ कुतूहलाची बाब नाहीं. तो त्यांच्या खिशाचा प्रश्न आहे.

पूल जुळल्यावरही गाडी लगेच धांवली नाहीं. १ मे २०१३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं, वर्सोव्याच्या बाजूस थोड्या अंतरावर पहिली चांचणी झाली. त्यानंतर लोकांस एका वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. रूळ, वीज, संकेत, दरवाजे, गाडी थांबविण्याची यंत्रणा यांची एकेक परीक्षा होऊन मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा दाखला मिळावयाचा होता. येथें एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा मार्ग आरंभीं १८८६ च्या ट्रामविषयक कायद्याखालीं हातीं घेतला गेला होता, आणि मागाहून त्यास मेट्रोचा नवा कायदा लागू झाला. मुंबईची घोड्यांची ट्राम १८७४ त सुरू झाली, विजेची १९०७ त आली, आणि ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम बंद पडली. तरी तिच्या काळचा कायदा या नव्या गाडीच्या जन्मास उपयोगी पडला!

मार्ग खुला झाल्यावर मात्र त्याची उपयुक्तता कोणास पटवावी लागली नाहीं. तास दीड तासाचें अंतर सुमारें एकवीस मिनिटांवर आलें आणि पहिल्या महिन्याभरांत एक कोटीच्या आसपास प्रवाशांनीं त्याचा लाभ घेतला. ज्यांनीं खांब मोजले त्यांनींच गाड्या भरून टाकल्या.

उन्नत मार्गांच्या इतिहासाची आणखी एक बाजू सांगून हा विषय आटोपतों. न्यूयॉर्कमध्यें रस्त्यांवर उचललेल्या आगगाड्या एकोणिसाव्या शतकांतच धांवूं लागल्या. परंतु त्यांचा गोंगाट आणि खालीं पडणारा अंधार लोकांस असह्य होऊन सहाव्या रस्त्यावरील मार्ग १९३८ मध्यें बंद झाला व पुढें मोडून टाकण्यांत आला. लिव्हरपूलच्या गोदीवरचा विजेचा उन्नत मार्ग १८९३ मध्यें सुरू झाला. पावसांत त्याच्याखालून चालणारे मजूर त्यास गोदीकामगारांची छत्री म्हणत. पण त्याचें लोखंड गंजत गेलें, दुरुस्तीचा खर्च कंपनीस झेपेना, आणि १९५६ च्या अखेरीस तोही बंद पडला. म्हणजे बांधून होणें हा अशा मार्गाच्या आयुष्याचा आरंभ होय. समुद्राची खारी हवा मुंबईसही आहे. पहिली गाडी धांवल्यावर आपण जी मोजदाद सोडून देतों, ती खरें म्हणजे पुढें प्रत्येक वर्षीं केली पाहिजे.

मुंबईचे पुढचे दोन उन्नत मार्ग, दहिसर ते अंधेरी पश्चिम आणि दहिसर पूर्व ते गुंदवली, यांचें बांधकाम २०१६ मध्यें सुरू झालें. त्यांचा कांहीं भाग २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्यास, आणि उरलेला १९ जानेवारी २०२३ रोजीं खुला झाला. सुमारें पस्तीस किलोमीटरांचे हे दोन्ही मार्ग पहिल्या मार्गाच्या निम्म्याहून कमी वेगानें झाले असें कोणी म्हणणार नाहीं. उलट, मधला साथीचा काळ धरूनही ते त्या मानानें लवकर झाले. पहिल्या मार्गानें दिलेला अनुभव वाया गेला नाहीं, असें यावरून दिसतें. हे दोन्ही मार्ग पहिल्या मार्गास येऊन मिळतात, आणि त्यामुळें त्याचें मोलही वाढलें आहे.

तेव्हां ज्या नगरांत असे मार्ग आज उभे राहत आहेत तेथील सुज्ञ नागरिकांस आमची एवढीच सूचना आहे. खांब जरूर मोजावे. परंतु त्याबरोबर या मार्गाचा घाट कोठें आहे हेंही विचारावें. जुना लोहमार्ग कोठें ओलांडावयाचा आहे, कोणत्या जागेचा निकाल लागावयाचा आहे, कोणती संमति यावयाची आहे, कामावरच्या मजुरांच्या रक्षणाची काय तजवीज आहे, हे प्रश्न कोनशिलेच्या दिवशींच विचारले जावे आणि त्यांचीं उत्तरें दरमहा प्रसिद्ध व्हावीं. असें झालें तर मुदती कमी वेळां बदलतील, आणि ज्या वेळीं बदलतील त्या वेळीं त्यांचें कारण तरी लोकांस कळेल.