लॉकिंग हबची कुळकथा

जुन्या फोर बाय फोर जीपच्या पुढच्या चाकाच्या मधोमध मुठीएवढा एक धातूचा डबा बसवलेला असतो. त्याच्या तोंडावर बोटांनी फिरवायची चकती, आणि तिच्याभोवती ‘फ्री’ व ‘लॉक’ अशा दोन खुणा. हाच लॉकिंग हब. जीपवेड्यांनी गेल्या पाऊणशे वर्षांत आपल्या गाड्यांवर नाना प्रयोग केले. त्यांतला हा सर्वांत जुन्यांपैकी एक आणि माझ्या मते सर्वांत शहाणा.

त्याचं मूळ जीपच्याच जन्मात आहे. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलकी, चारही चाकांनी ओढणारी टेहळणीची गाडी मागवली. अमेरिकन बॅंटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्ट यांच्या आराखड्यावरून पहिला नमुना बनवला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली केला. पुढे विलीज-ओव्हरलॅंड आणि फोर्ड यांनीही आपापले नमुने दिले, मोठी कंत्राटं त्यांनाच मिळाली आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं इंजिन, तीन गिअर, आणि गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोटे लीव्हर : एक पुढची चाकं जोडण्यासाठी, दुसरा जोर वाढवणाऱ्या लो रेंजसाठी.

या रचनेत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नव्हतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला काटतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. डांबरावर तो निघत नाही, ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. म्हणून पक्क्या रस्त्यावर पुढची ओढ लीव्हरने सोडवायची, असा शिरस्ता होता. पण लीव्हर टाकल्याने इंजिनचा पुढचा दुवा तेवढा तुटायचा. पुढची चाकं रस्त्यावर फिरताना आपले शाफ्ट, क्राऊन-पिनियन आणि प्रोपेलर शाफ्ट फिरवतच राहायची. नांगर सुटला तरी जू मानेवरच, तसला हा प्रकार. युद्धात त्याची कोणाला फिकीर नव्हती. गाडी जगलीच किती दिवस, हा प्रश्न तिथे वेगळ्याच कारणांनी सुटत होता.

युद्ध संपलं आणि चित्र पालटलं. विलीजने १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही नागरी जीप आणली, आणि लष्कराने विकायला काढलेल्या जुन्या गाड्याही लोकांच्या हाती आल्या. आता हीच जीप आठवडाभर डांबरी रस्त्यावर धावायची आणि अधूनमधून शेतात किंवा डोंगरात उतरायची. पेट्रोल आणि दुरुस्तीचा खर्च मालकाच्या खिशातून जाऊ लागला. पुढच्या अ‍ॅक्सलचं फुकटचं फिरणं आता डोळ्यांत भरलं.

त्यावर उपाय काढला अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिअ‍ॅटलमध्ये. आर्थर वॉर्न आणि त्यांच्या पत्नी सॅडी यांनी १९४८ मध्ये जीपसाठी लॉकिंग हब बनवण्याचा उद्योग सुरू केला. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलची रचना त्यांच्या पथ्यावर पडली. तिथे चाक शाफ्टवर टेकलेलं नसतं. ते पोकळ स्पिंडलवरच्या दोन टेपर बेअरिंगवर फिरतं आणि शाफ्ट त्या पोकळीतून केवळ ओढ घेऊन येतो. शाफ्टचं दातेरी टोक आणि चाक यांना जोडणारी एक फ्लॅंज असायची, सहा बोल्टांनी आवळलेली. ती काढली तरी चाक जागचं हलत नाही. म्हणजे गाडी न कापता, न वेल्डिंग करता, फक्त ती फ्लॅंज काढून तिथे हवा तेव्हा जुळणारा आणि हवा तेव्हा सुटणारा दुवा बसवता येत होता. हबमध्ये तेच आहे. चकती फिरवली की आतली दातेरी कडी सरकते. शाफ्ट आणि चाक एक होतात किंवा विलग होतात. विलग झाले की लीव्हर टाकलेला असताना पुढचा सारा संसार शांत उभा राहतो.

वापराचे नियमही या रचनेतूनच आले. हब दोन्ही बाजूंचे लॉक करायचे; एकच केला तर डिफरन्शियल सारी ओढ मोकळ्या शाफ्टकडे सोडून देतं आणि लॉक केलेलं चाक ढिम्म राहतं. हब फ्री ठेवून लो रेंज लावली तर वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. तिथे पाय जपून द्यायचा. आणि चिखलात रुतल्यावर नव्हे, चिखलाआधी खाली उतरून चकती फिरवायची.

उतरायचा त्रास वाचावा म्हणून पुढे आपोआप लागणारे हब निघाले, नंतर अ‍ॅक्सल आतूनच सोडवणाऱ्या व्हॅक्यूमच्या आणि विजेच्या यंत्रणा आल्या. सोय झाली, पण सुटे भाग वाढले. शिवाय एकाच दिशेने पकडणारे काही आपोआप हब उतारावर इंजिन-ब्रेक लागताच पुढची चाकं सोडून देतात. घाटातल्या दगडी उतारावर हे परवडत नाही. हाताने फिरवायचा हब आजही टिकून आहे तो याचमुळे.

जीप आपल्याकडे आली ती मुंबईतून. महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या सुट्या भागांतून ती इथे जोडायला घेतली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आणि तिच्या वंशातल्या गाड्या कित्येक दशकं सरकारी खात्यांत, खेड्यांत आणि सह्याद्रीच्या वाटांवर धावल्या. काहींच्या चाकांवर फ्लॅंज होती, काहींच्या हब. आजही अशी जीप हाती घेणारे अनेकजण फ्लॅंज काढून हब बसवतात.

पण नुसता बसवून भागत नाही. तापलेला हब ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पावसाळी फेरीनंतर हब उघडा, जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन काढा, बेअरिंगला नवं ग्रीस भरा. दातेरी कडीला मात्र ग्रीसचा पातळ हातच द्या. ठासून भरलं तर कडी अडकते. महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर हब लॉक करून थोडं अंतर चालवा, म्हणजे बसून राहिलेल्या गिअरना तेल लागेल.

जुनी जीप घेतली की उंची वाढवणारा संच, मोठे टायर आणि विंच यांच्याकडे आधी मन धावतं. वॉर्नच्याच कंपनीने १९५९ मध्ये हौशी चालकांसाठी विजेवर चालणारा विंच आणला, आणि अडकलेली गाडी त्याने सुटते हेही खरं. तरीही माझं सांगणं एवढंच : आधी पुढची दोन्ही चाकं उचला, हब फिरवून पाहा, दोन्ही बाजू नीट जुळतात आणि सुटतात याची खात्री करा. बाकीची खरेदी त्यानंतर.